सरकारी टेकूवरचं यार्ड : जहाज उत्तम, सौदा बेताचा

सुक्या मालाचं कामसारमॅक्स वर्गाचं जहाज, ८२ हजार टनी. बांधून घेतलं सरकारी मालकीच्या यार्डात, म्हणजे जहाजबांधणी कारखान्यात. यार्डाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्यांच्या वेल्डरबद्दल नाहीच.

आधी काम. ब्लॉकची (जहाजाच्या सुट्या बांधलेल्या भागांची) जोडणी नेटकी, समुद्रातल्या ट्रायलला मुख्य इंजिनाने काही त्रास दिला नाही. मी स्वतः बॅलास्ट टाक्यांवर, म्हणजे तोल सांभाळायला समुद्राचं पाणी भरतात त्या टाक्यांवर, डोळा ठेवून असतो. गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. नियमाने पोलादाच्या कडा २ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाईत घासलेल्या हव्यात, रंगाचा थर ३२० मायक्रॉनचा. वरच्या टाक्यांत सगळं चोख. दुहेरी तळात, जिथे माणसाला रांगत जावं लागतं, तिथे मात्र कडांवरून नुसता हात फिरवलेला! आमच्या साइट टीमने खडूच्या खुणा केल्या, त्यांनी वाद न घालता पुन्हा घासून दिलं. मेकर्स लिस्टच्या, म्हणजे कुठल्या कंपन्यांची यंत्रं बसवायची त्या ठरलेल्या यादीच्या बाबतीत मात्र ताठ. यादीबाहेरचा पंप मागितला की जादा बिल हजर.

पैशाच्या अटी तर लाळ सुटावी अशा. दहा-दहा टक्क्यांचे चार हप्ते, उरलेले साठ टक्के डिलिव्हरीला. रिफंड गॅरंटी (यार्डाने जहाज दिलं नाही तर हप्ते परत मिळण्याची हमी) सरकारी बँकेची, कर्जही तिथूनच.

घोडं पेंड खातं ते इथेच. ज्या अटी मला, त्याच माझ्या स्पर्धकाला, आणि जहाजाच्या डेकवर कधी पाय न ठेवलेल्या फंडवाल्यालाही. सरकारला रोजगार टिकवायचाय, यार्डाला डॉक रिकामा ठेवायचा नाही, म्हणून माल असो-नसो पोलाद कापलं जातं. सुक्या मालाच्या जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक, बाल्टिक ड्राय इंडेक्स, मे २००८ मध्ये ११,७९३ वर होता, डिसेंबरात ६६३ वर. तेजीत दिलेल्या ऑर्डरींची जहाजं पुढे वर्षानुवर्षं पाण्यात उतरतच राहिली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये इंडेक्स २९० वर आला. त्या भाड्यात जहाज चालवण्याचा रोजचा खर्चही सुटेना. किमतीत मिळालेली सूट मालकाकडे राहतच नाही. जहाजं उदंड झाली की चार्टरर, म्हणजे जहाज भाड्याने घेणारा, ती सूट भाडं पाडून वसूल करतो.

यार्डांना मिळणारी सरकारी अनुदानं आवरायला १९९४ मध्ये ओईसीडीत, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेत, करार झाला होता. अमेरिकेने मंजुरी दिली नाही, तो लागूच झाला नाही. आता त्याच अमेरिकेचा उपाय बघा : ऑक्टोबर २०२५ मध्ये चिनी बांधणीच्या जहाजांवर बंदर शुल्क, नोव्हेंबरात वर्षभराची स्थगिती. काही जहाजांना सवलती होत्या, मान्य. पण अनुदान खाल्लं यार्डाने आणि पावती फाडायची जहाजाच्या नावाने, हा कुठला न्याय? २५ वर्षं चालणारं जहाज घेताना असली महिन्याभरात बदलणारी धोरणं कुठल्या हिशोबात धरायची?

जहाजाला पाचपैकी साडेचार. साइटवरच्या फोरमनला पाच. सौद्याला दोन, तेही हप्त्यांच्या सोयीसाठी. यार्डाच्या विक्रीवाल्याचा परवा मेल आला, पुढच्या स्लॉटला (बांधणीच्या मोकळ्या जागेला) अटी आणखी सैल करतो म्हणून. ऑर्डर बुक भरलंय असं तोच सांगतो, मग ही सूट परवडते कशी, एवढंच उलट विचारलंय.