नाव टाका, फोन लागतो: जुन्या मोडेमसोबत आठ महिने

पीसीवर नाव टाइप करायचं आणि मोडेमने, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटरचा डेटा पाठवणाऱ्या पेटीने, नंबर फिरवून द्यायचा, असा खटाटोप मी चालवलाय. आधीच सांगतो, हौसेचं काम आहे. खिशातला मोबाइल नाव दाबलं की फोन लावतो हे मलाही ठाऊक आहे. पण जुना डॉसवाला पीसी धूळ खात पडला होता, सेकंदाला १२०० बिट्स वेगाचा, बाहेरून जोडायचा हेज-कंपॅटिबल (म्हणजे हेज कंपनीच्या मोडेमचेच हुकूम पाळणारा) मोडेम हाती लागला आणि घरची लँडलाइन अजून जिवंत होती. ही लाइन इंटरनेटच्या अडॅप्टरमधून येते, त्याचा त्रास पुढे येईलच. आठ महिने झाले, घरातले बहुतेक फोन मी याच्यावरूनच लावतो.

जोडणी सोपी आहे. मोडेमच्या मागे दोन खाचा असतात, एकीत भिंतीकडून येणारी वायर, दुसरीत नेहमीचा फोन. सीरियल केबल पीसीच्या कॉम २ या पोर्टला लावली, कारण कॉम १ वर माउस आहे. सॉफ्टवेअर म्हणाल तर जीडब्ल्यू-बेसिक या डॉसच्या जमान्यातल्या प्रोग्रामिंग भाषेत चाळीसेक ओळी स्वतःच खरडल्या. एका फाइलमध्ये नाव, स्वल्पविराम, नंबर. नाव विचारायचं, फाइलमध्ये शोधायचं, सापडलेला नंबर मोडेमकडे ढकलायचा. यात नवीन काहीच नाही. १९८४ साली आलेला बोर्लंडचा साइडकिक चालू प्रोग्रामच्या डोक्यावर उघडून नंबर लावून द्यायचा, आणि विंडोज ९५ मध्ये आठ बटणांचा फोन डायलर आयताच मिळायचा. या सगळ्यांच्या मुळाशी १९८१ चा हेज स्मार्टमोडेम. नंबर फिरवायचा हुकूमही त्याच वायरीने द्यायचा जिच्यातून एरवी डेटा जातो, ही त्याची खरी करामत. 'एटी' म्हणजे 'अटेन्शन', लक्ष दे. 'डी' म्हणजे डायल, 'टी' म्हणजे टोन. झालं एटीडीटी, आणि पुढे नंबर.

एवढ्याने फोन लागतो, पण बोलता येत नाही. पहिल्या आठवड्यात मी मावशीला असाच फोन लावला. पलीकडे तिने उचलला, "हॅलो, हॅलो" केलं, आणि मोडेम आपला तिच्याकडून दुसऱ्या मोडेमची शिट्टी ऐकायला कान लावून बसलेला. तीस सेकंद वाट पाहिली, स्क्रीनवर 'नो कॅरिअर' लिहिलं आणि फोन आपटला. मावशी मोडेम नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगायचं चिन्ह म्हणजे अर्धविराम. नंबरच्या शेवटी अर्धविराम टाकला की मोडेम नंबर फिरवतो, 'ओके' म्हणतो आणि लाइन धरून पुढच्या हुकमाची वाट पाहतो. आता आपण रिसीव्हर उचलायचा आणि मग एटीएच पाठवायचं, म्हणजे मोडेम लाइन सोडतो आणि फोन ती सांभाळतो. क्रम उलटा झाला की फोन कट. आठ महिन्यांत हा क्रम बोटांत बसलाय, तरी घाईत अजून चुकतो.

बेसिकचा प्रोग्राम संपला की पोर्ट बंद होतो, आणि पोर्ट बंद झाला की मोडेमला वाटतं कॉम्प्युटर गेला, म्हणून तोही लाइन सोडतो. दोन दिवस मी केबलला शिव्या घालत होतो. मोडेमची पुढची पट्टी काढली की आत बारीक स्विचेस दिसतात, त्यातला पहिला खाली केला की कॉम्प्युटर आहे की गेला हे सांगणाऱ्या सिग्नलकडे मोडेम दुर्लक्ष करतो. मी स्विचही फिरवला आणि 'रिसीव्हर उचलल्यावर कळ दाबा' अशी ओळही घातली.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्पीकर. रिंग मोडेममधूनच ऐकू येते, त्यामुळे पलीकडून कोणी उचलेपर्यंत रिसीव्हर कानाला लावून बसावं लागत नाही. हात मोकळे राहतात. पलीकडचं पहिलं 'हॅलो' मात्र घरभर ऐकू जातं.

आता तक्रारी. हा मोडेम डायल टोन ऐकतच नाही. लाइन उचलतो, दोन सेकंद मोजतो आणि आकडे फिरवायला लागतो. अडॅप्टर कधी कधी टोन द्यायला वेळ लावतो, मग पहिला आकडा हवेत जातो आणि उरलेल्या आकड्यांनी भलतंच काहीतरी होतं. हे थांबायचे सेकंद मोडेम एस६ नावाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आठवणीच्या एका खणात ठेवतो. तिथे २ च्या जागी ४ घातल्यापासून हे थांबलं. पण वीज गेली की मोडेम ते विसरतो, म्हणून प्रोग्राम सुरू होताना दर वेळी पाठवावं लागतं. ऑफिसांच्या 'अमुकसाठी एक दाबा' वाल्या नंबरांना एक्स्टेन्शनआधी स्वल्पविराम टाकतो, एका स्वल्पविरामाला दोन सेकंदांचा विसावा. कुठे तीन लागतात, कुठे पाच, ते चाचपडूनच कळतं. पल्स डायलिंगही, म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखं ठोक्यांनी नंबर फिरवणं, करून पाहिलं. सेकंदाला दहा ठोके, शून्याला अख्खे दहा, रिले सुरेख टकटकतो. माझ्या अडॅप्टरला ती भाषाच येत नाही, डायल टोन जागचा हलला नाही.

रीडायलने मला फसवलं. 'ए' आणि तिरकी रेघ टाइप केली की मोडेम शेवटचा हुकूम पुन्हा चालवतो, एंटरही दाबावं लागत नाही. एंगेज लागला की हे वापरू म्हणून खूश झालो होतो. पण एंगेज ऐकल्यावर आपण पाठवतो एटीएच, म्हणजे शेवटचा हुकूम तोच. तो इमानदारीत पुन्हा फोन ठेवतो! शेवटी मागचा नंबर फाइलमध्ये ठेवून रीडायलची वेगळी कळ प्रोग्राममध्येच केली.

आणि मग तो काकडे प्रकार. नावं रोमन लिपीत साठवली आहेत, आणि शोधताना पहिलं जुळलेलं नाव सरळ लावायचं असं मी आळसाने ठरवलं होतं. रात्री साडेदहाला 'काका' टाइप केलं. रोमनमध्ये काकडे लिहिलं की पहिली चार अक्षरं काका हीच येतात. देवनागरीत ही गल्लत झालीच नसती. स्पीकरमधून "हॅलो, कोण बोलतंय?" असा काकड्यांचा, म्हणजे माझ्या जुन्या साहेबांचा, झोपेतला आवाज सगळ्या घराने ऐकला. रिसीव्हर उचलून माफी मागितली, "असू दे, असू दे" म्हणाले. काकांना उद्या करू म्हणून पीसी बंद केला.

सकाळी चहा घेता घेता काकांना लावायला रीडायलची कळ दाबली. फाइलमध्ये मागचा नंबर कोणाचा होता, ते पहिल्या रिंगला आठवलं. एटीएच टाइप करेपर्यंत त्यांनी उचललाच.

त्या दिवसापासून प्रोग्राम आधी जुळलेली सगळी नावं दाखवतो, नंबर दाखवतो आणि हो की नाही विचारतो. रीडायलच्या कळेलासुद्धा.