एकच सुटा अंक घ्यायचा तर: ‘स्पायडर-मॅन’ १२१ की ‘डेअरडेव्हिल’ १८१?

वर्षानुवर्षे चालू असलेल्या सुपरहिरो मालिकेत नेमके कुठून शिरावे, असे नव्या वाचकाने विचारले की मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाचे दोन अंक हमखास पुढे येतात: जून १९७३ चा ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ क्रमांक १२१ आणि एप्रिल १९८२ चा ‘डेअरडेव्हिल’ क्रमांक १८१. दोन्हींत नायकाचे जिच्यावर प्रेम आहे ती स्त्री खलनायकाच्या हातून मरते, आणि ही गोष्ट आता कोणापासून लपलेली नसल्यामुळे तिच्याविषयी मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. सुट्या अंकासाठी माझी कसोटी एकच आहे: मागचे काही वाचलेले नसताना आणि पुढचा अंक हाताशी नसताना तेवढ्या पानांत वाचकाला काय मिळते? मालिकेच्या इतिहासात त्या अंकाला किती मान आहे, हा विचार परीक्षणात आधी शिरला की अंक बाजूला राहतो आणि त्याच्या कीर्तीचेच परीक्षण होऊन बसते.

या कसोटीवर १२१ चा पूर्वार्ध नवख्याला जड जातो. लेखक जेरी कॉनवे यांना पीटरचा, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅनचा, मित्र हॅरी ऑसबॉर्न याचे अमली पदार्थांपायी आलेले आजारपण, त्याचे वडील नॉर्मन यांची ढासळत चाललेली मनःस्थिती आणि आपणच खलनायक ग्रीन गॉब्लिन असल्याची त्यांची परतलेली स्मृती, हे सारे थोड्या पानांत आटोपायचे आहे. त्यामुळे निवेदनाच्या चौकटींवर बराच भार पडतो. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी मालिकेत डिसेंबर १९६५ च्या ३१ व्या अंकापासून होती, म्हणजे त्या काळच्या वाचकाची तिच्याशी सात-आठ वर्षांची ओळख होती. हा अंक त्या ओळखीवरच विसंबतो. खुद्द या अंकात ती फारसे बोलत नाही, काही करत नाही, आणि पुलावरच्या प्रसंगात तर बेशुद्धच असते.

तरीही पुलावरची ती पाने या अंकाची सारी उधारी फेडतात. गॉब्लिन ग्वेनला खाली ढकलतो, स्पायडर-मॅन जाळ्याची दोरी फेकतो, दोरी तिच्या पायाला चिकटते, आणि त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ ‘स्नॅप’ असा एक छोटासा ध्वनिशब्द आहे. तो इतका लहान आहे की घाईने पाने उलटणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटावा. तिला वर ओढताना पीटर स्वतःच्या कौशल्यावर खूश होऊन बढाई मारत असतो. वाचकाला मात्र शंका आलेली असते. ती पडण्याने मेली की वाचवण्याने, याचे उत्तर गॉब्लिन एका परीने देतो आणि तो लहानसा शब्द दुसऱ्या परीने. गिल केन यांच्या रेखाटनात उंचीचे भय खरोखर जाणवते, मग मूळ अंकातल्या मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचे नाव असताना चित्रात ब्रुकलिन पूल का दिसतो, ही विसंगती फारशी बोचत नाही. कथेचे शीर्षक शेवटच्या पानावर छापण्याचा निर्णयही अचूक आहे, कारण ते आधी वाचले असते तर सगळा ताणच गेला असता.

‘डेअरडेव्हिल’ १८१ ची बांधणीच वेगळी आहे. फ्रँक मिलर यांनी तो लिहिला आणि रेखाटला, शाईकाम क्लाउस जॅन्सन यांचे. हा दुप्पट आकाराचा अंक असल्यामुळे त्याला जागाही भरपूर मिळाली आहे. कथा सांगतो भाडोत्री मारेकरी बुल्सआय, तुरुंगातून आणि प्रथमपुरुषी. परिचय करून देण्याचे सगळे काम त्याच्या द्वेषातूनच होते: डेअरडेव्हिल कोण, गुन्हेगारांचा म्होरक्या किंगपिन कोण, त्याची मारेकरी म्हणून आपली जागा पटकावणारी इलेक्ट्रा कोण, हे तो स्वतःच्या रागासाठी घोळवत राहतो आणि वाचकाला आयते कळत जाते. इलेक्ट्रा मालिकेत आली जानेवारी १९८१ मध्ये, म्हणजे तिची पूर्वपुण्याई ग्वेनपेक्षा कितीतरी कमी. पण मॅटचा, म्हणजे मुखवट्याआडच्या डेअरडेव्हिलचा, वकिलीतला भागीदार फॉगी नेल्सन याला मारायला आलेली ती, त्याने कॉलेजातली मॅटची मैत्रीण म्हणून ओळखताच त्याला सोडून देते, आणि या एका प्रसंगात अनोळखी वाचकालाही ती पुरती कळते. त्यानंतरची झुंज, गळ्यावरून फिरलेला खेळण्यातला पत्ता, तिचेच शस्त्र तिच्यावर उलटणे आणि मॅटच्या दारापर्यंत सरपटत जाणे, हे सारे मिलर शब्दांना आवर घालून दाखवतात.

उणीव आहे ती निवेदकामुळेच. ज्याला तिच्या मरणाचे काही वाटत नाही, त्याच्या नजरेतून ते पाहताना मॅटचे दुःख आपल्याला बाहेरूनच दिसते. १२१ मध्ये पीटरचा आक्रोश थेट अंगावर येतो, तसे इथे होत नाही. पण कथा इथेच पुरी होते: बुल्सआय उंचावरून खाली कोसळतो आणि हे सगळे आपल्याला सांगणारा तो जायबंदी अवस्थेत पडून आहे, हे शेवटी उघड होते. १२१ मात्र सूडाच्या प्रतिज्ञेवर थांबतो.

म्हणून ज्याला खरोखरच एक अंक वाचून ही मालिका आपल्यासाठी आहे की नाही हे ठरवायचे आहे, त्याने निःशंकपणे ‘डेअरडेव्हिल’ १८१ घ्यावा. स्पायडर-मॅन आधीपासून आवडत असेल आणि पीटर व ग्वेन यांची थोडी जरी ओळख असेल, तर १२१ अधिक खोल जाईल, फक्त तो एकटा घेऊ नये. १२२ व्या अंकात गॉब्लिनचा हिशेब पुरा होतो आणि त्याच्या शेवटच्या पानावर पीटरची मैत्रीण मेरी जेन जे करते, त्यासाठी आधीचा अंक लक्षात असायलाच हवा.