आधी अर्थिंग, मग कॉम्प्युटर: फोंड्यातल्या एका दुकानाचा नऊ महिन्यांचा अनुभव

कॉम्प्युटर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या या दुकानाचं नाव लिहीत नाही. एक मालक आणि कामाला दोन पोरं एवढंच दुकान आहे. आहे त्या गिऱ्हाइकांचेच फोन त्याला उचलायला होत नाहीत, त्यात आणखी भर नको.

आमचा गोव्यात फोंड्याला छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि कार्तिक लागला की जत्रा-उत्सवांतल्या नाटकांची हँडबिलं. तीन कॉम्प्युटर होते, तिन्ही २०१४ च्या आसपासचे, चौथ्या पिढीचे आय-थ्री. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार आणि विंडोज ११ या मशीनवर बसणार नाही (टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो), म्हणून एप्रिलमध्येच शोध सुरू केला. ‘तपासणी चुकवून घालून देतो, काही होत नाही’ म्हणणारे दोघे भेटले. ज्या मशीनवर बँकेचं लॉगिन आणि जीएसटीची विवरणपत्रं, तिथे मला हा जुगाड नको होता.

आधी पणजीला एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. दहा मिनिटांत छापील कोटेशन हातात. काचेचा कॅबिनेट, आत रंगीत दिवे, वर ग्राफिक्स कार्ड. मी काम काय करतो हे कुणी विचारलंच नाही. पेजमेकर आणि कोरल चालवायला दिवे कशाला?

फोंड्यातला हा मालक वयाने माझ्याहून लहान. त्याने उलट मलाच प्रश्न विचारले. श्रीलिपीचं (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं) डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, यूएसबीचं आहे का? सगळ्यात मोठी फाईल केवढी? छपाईचं मशीन आणि कॉम्प्युटर एकाच लायनीवर आहेत का? दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन तो स्वतः आला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ११ व्होल्ट दाखवत होता. तीनच्या आत असायला हवा. आपल्याकडची चिऱ्याची जमीन एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत होते, अर्थिंगचा खड्डा सुकतो. आमच्या खड्ड्यात तर कित्येक वर्षं कुणी पाणीसुद्धा ओतलं नव्हतं. ‘बाब, पयलीं अर्थिंग करून घेयात, मागीर कॉम्प्युटर,’ एवढं बोलून तो निघून गेला. विकायला आलेला माणूस काहीही न विकता परत जातो, हे मी प्रथमच पाहिलं. मीठ-कोळसा घालून खड्डा नवा केला, वायर बदलली, मग ऑर्डर दिली. जाता जाता त्याने लेझर प्रिंटरही यूपीएसवरून काढायला लावला होता. आम्ही तो दिमाखात यूपीएसवर चालवत होतो आणि बॅटरी का टिकत नाही म्हणून दर वर्षी चरफडत होतो.

मशीन साधीच: रायझन ५ ५६००जी, म्हणजे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचला, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (चिपवर डेटा साठवणारी एसएसडी), ब्राँझ दर्जाचा ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). विंडोजचा परवाना आणि मॉनिटर सोडून एकेक ३१ हजारांच्या आसपास पडलं. ऑनलाइन तेच भाग जमवले असते तर मशीनमागे दीड-दोन हजार वाचले असते. पण बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर वेगळा लिहून मिळाला. त्याची किंमत ऑगस्टमध्ये कळली. एक एनव्हीएमई बंद पडली, तेव्हा वॉरंटीसाठी तोच कागद लागला. नवी यायला १९ दिवस गेले, तोवर त्याने आपली जुनी लावून दिली होती. रॅम ३२ जीबी घ्या असं तो म्हणत होता, मी ‘पुढे बघू’ म्हटलं. डिसेंबरात बघायला गेलो तर तीच पट्टी दुपटीहून महाग. जगभर एआयवाल्यांनी मेमरी उचलली, त्याचा फटका फोंड्यातल्या छापखान्याला. गप्प परत आलो.

खरी परीक्षा पावसाने घेतली. २०२५ चा पाऊस मे महिन्यातच आला, आणि त्याच्या आधीच्या गडगडाटी रात्रींपैकी एका रात्री आमचा नेटवर्क स्विच आणि एका मदरबोर्डचं लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची जागा) जळलं. यूपीएस, अर्थिंग सगळं शाबूत. वीज आली ती लॅनच्या केबलमधून. छापखान्याच्या पुढच्या खोलीतून मागच्या बायंडिंगच्या खोलीपर्यंत ती अंगणातून, माडाला बांधून नेलेली होती. विजेने जळलेलं वॉरंटीत येत नाही हे त्याने आधीच सांगून टाकलं. मग मदरबोर्ड बदलायचा सात-आठ हजारांचा खर्च टाळून सातशेचं लॅन कार्ड बसवलं. तांब्याची केबल काढून तिथे फायबर टाकली, दोन्ही टोकांना एकेक कन्व्हर्टर. काचेतून करंट येत नाही, इतकं साधं कारण. खरं तर पहिल्या दिवशी अर्थिंग बघायला आला तेव्हा ती केबल त्याच्या डोळ्यांसमोर होती. हे मी त्याला म्हटलं, त्यानेही मान्य केलं.

आता जे सलतं ते. जुन्या मशीनमधला डेटा नव्यावर घेताना त्याच्या पोराने ‘सगळं कॉपी केलं’ म्हणून जुनी डिस्क फॉरमॅट केली. पण एका मशीनवर माझ्या भाच्याचं वेगळं लॉगिन होतं, आणि त्याच्या डेस्कटॉपवर दोन वर्षांची नाटकांची हँडबिलं. (डेस्कटॉपवर काम ठेवू नये हे भाच्याला मी शंभरदा सांगितलंय, तो भाग वेगळा.) ऑक्टोबरात एका देवस्थानाची मंडळी ‘गेल्या वर्षीसारखंच करा, तारीख बदला’ म्हणून आली तेव्हा बोंब कळली. नशीब एवढंच की डिस्क जुनी फिरणारी होती आणि तशीच दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये पडली होती. एसएसडी असती तर फॉरमॅटनंतर बहुधा काही हाती लागलं नसतं. निम्म्याअधिक फाईल्स परत आल्या, नावं मात्र सगळी गेली. तीनशेवर फाईल्स एकेक उघडून, कुठली कुठल्या गावच्या नाटकाची हे ओळखत मी आणि भाचा चार रात्री बसलो. पैसे दुकानदाराने घेतले नाहीत. पण त्या चार रात्री बिलात कुठे धरायच्या?

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी त्याच्या पोराला समोर बसवतो आणि सांगतो, बॅकअपमधली अमुक फाईल परत आणून दाखव. बॅकअप ‘होतोय’ यावर माझा विश्वास उरलेला नाही. बॅकअपची डिस्कही काम झालं की काढून कपाटात जाते.

देखभालीचा करार वर्षाला नऊ हजारांचा, फक्त मजुरीचा, भागांचे पैसे वेगळे. पावसाआधी आणि पावसानंतर अशा दोन साफसफाया त्यात येतात. दमट हवेत रॅमच्या पट्टीवर चढलेला थर खोडरबरने पुसला की निम्मी दुखणी जातात, हे आता मलाही जमतं. सकाळी फोन लागला तर माणूस त्याच दिवशी येतो, पण फोन लागला तरच. चतुर्थीत दुकान पाच दिवस बंद, आणि नेमकं दुसऱ्या दिवशी आमचं एक मशीन बसलं. तोही गणपतीच्या आरतीत, मीही. दोष कुणाला देणार?

एप्रिलमध्ये करार नवा करायचा आहे. या वेळी मजकूर मीच टाईप करून दिला: कुठलीही डिस्क माझ्या सहीशिवाय फॉरमॅट करायची नाही, आणि बॅकअप दर महिन्याला उघडून दाखवायचा. त्याने वाचलं, सही केली, आणि खाली पेनाने एक ओळ वाढवली: चतुर्थीचे पाच दिवस सोडून.