किल्लारी पाटीची बिनबोर्डाची खानावळ : भाकरी एक नंबर, उकाडा पण एक नंबर

लातूर-उमरगा रोडला महिन्यातनं दोनदा तरी जाणं होतं, त्यामुळे किल्लारी पाटीजवळच्या या खानावळीत सात-आठ वेळा जेवून झालंय. बोर्ड वगैरे काही नाही, निळे पत्रे आणि बाहेर रांजण दिसला की गाडी लावायची. थाळी शंभर रुपये, त्यात ज्वारीच्या दोन भाकरी, बेसन, एक पातळ भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. भाकरी मावशी समोरच थापतात, तव्यावरनं थेट ताटात, पापुद्र्याला बोट लावलं की भस्सकन वाफ. चटणी उखळात कुटलेली, चांगली तेल सुटलेली. आंबटचुक्याची भाजी असेल त्या दिवशी लाजू नका, परत मागा.

आता तक्रारी. हात धुवायला साबण असला तर असतो, रेंज नसल्यामुळे फोनपे होत नाही, सुट्टे जवळ ठेवा. पण खरी तक्रार उकाड्याची. वर नुसता पत्रा, एप्रिलात दीड वाजता बसलो होतो तर घाम ताटात पडायचाच बाकी होता. वैतागून म्हटलं मावशी धंदा बरा चाललाय की, स्लॅब टाका आता. तर म्हणाल्या, "नगं बाबा, डोस्क्यावर दगड नगं."

मग माझी ट्यूब पेटली की आपण कुठल्या गावात बसून काय बोलतोय.

किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, पोरं विसर्जन करून दमून झोपलेली. त्याच्या आदल्या वर्षीही दिवाळीच्या सुमाराला जमिनीतनं गुडगुड आवाज आणि धक्के झाले होते, तेव्हा लोक बाहेर झोपायचे, पण माणूस किती दिवस घाबरणार, परत आत आले. या परिसरात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. मावशींचे यजमान तेव्हा एका वाड्यावर सालगडी, हे लोक गावाच्या कडेला कुडाच्या छपरात. वाड्याच्या भिंती दोन-अडीच हात रुंद, दगड आणि मातीच्या, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि ते गळू नये म्हणून दरसाल त्यावर पांढऱ्या मातीची नवी भर. म्हणजे घर जितकं जुनं आणि खानदानी तितकं डोक्यावर ओझं जास्त. छप्पर पडलं तर ह्यांच्या अंगावर तुराट्या आणि पाचट. धाकटी नणंद मात्र त्या रात्री मालकांच्या पोरींसोबत वाड्यातच झोपायला गेली होती. एवढं सांगून मावशी पिठात पाणी घालायला लागल्या.

शेजारच्या टेबलावर एक काका होते, ते लगेच म्हणाले देव तारी त्याला कोण मारी. मावशींनी भाकरी उलटली आणि वर न बघताच म्हणाल्या, "वाड्यातलं देवघर आमच्या अख्ख्या घराएवढं व्हतं." काका गप. मीही गप. तिकडं मंगरूळला दीड वर्षाची पोरगी पलंगाखाली पाच दिवसांनी जिवंत निघाली होती, मी ते सांगणार होतो पण गिळलं. कारण तिच्या आजूबाजूच्यांचं काय, हा प्रश्न इथं बसून विचारायची माझी तरी हिंमत नाही.

गल्ल्यामागे गणपतीचा फोटो आहे, रोज ताजं फूल असतं. श्रद्धा गेली म्हणावं तर तसं पण नाही. फक्त घरात गणपती दीडच दिवस बसवतात, चतुर्दशीपर्यंत ठेवत नाहीत. सरकारनं दिलेली पक्की खोली मागे आहे, त्यात ज्वारीची पोती आणि गॅसच्या टाक्या, झोपतात मात्र सगळी पुढं पत्र्यात. भूकंपानंतर कित्येक जण असेच नव्या घरापुढं पत्रा टाकून झोपायचे म्हणे. मावशींचं अजून तेच चालू.

उठताना विचारलंच, मग तुम्हाला काय वाटतं, कशानं वाचलात? "कुडाचं छप्पर व्हतं म्हून. आन् मंग वाटतंय, ती पोरगी आमच्यातच का न्हाई झोपली." भाकरी घेता का अजून, हे त्याच दमात.

पाचपैकी चार स्टार. उकाड्याचा एक कापणार होतो, तो साबणाचा कापलाय. उन्हाळ्यात जाणार असाल तर साडेअकराच्या आत जा किंवा सरळ रात्री, आणि दाराजवळच्या बाकड्यावर बसा, तिथं जरा वारं लागतं.