बॅटरी सारखी उतरते: नवी घ्यावी, अल्टरनेटर तपासावा की करंट कोण खातंय ते शोधावं?

रात्री गाडी नीट लावलेली असते आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक-टक-टक. जंपर केबल लावून सुरू होते, दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण सरळ नवी बॅटरी टाकतात. लहान गाडीलाही त्यात चार-पाच हजार जातात, आणि दोष दुसरीकडे असेल तर नवी बॅटरीसुद्धा आठवड्यात बसते. वारंवार पूर्ण उतरल्याने तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि तिचं आयुष्य घटतं. म्हणून माझा आग्रह आहे की आधी मोजावं. पाचशे रुपयांच्या आत मिळणारा साधा मल्टीमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचं यंत्र) त्यासाठी पुरतो.

अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा, निकाल सर्वांत लवकर लागतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. 13.8 ते 14.5 दिसलं तर चार्जिंग ठीक आहे. हेडलाइट आणि एसी लावल्यावर ते 13च्या खाली राहत असेल, तर बेल्ट, वायरिंग किंवा अल्टरनेटर दाखवायला हवा. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त केलं जातं, त्यामुळे एका आकड्यावर न जाता हेडलाइट लावून थोडा वेळ बघत राहा.

बॅटरी आणि गाडी यांच्यातला दोषी ओळखायला मला एक चाचणी सर्वांत भरवशाची वाटते. बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा, दोन-तीन तास तशीच राहू द्या आणि व्होल्टेज लिहून ठेवा. चांगल्या बॅटरीत ते 12.6च्या आसपास असतं. मग निगेटिव्ह टर्मिनल काढून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा जवळपास तोच असेल तर बॅटरी चार्ज धरून ठेवते आहे, म्हणजे संशय गाडीवर. एकटी बसूनही ती 12.2वर आली, म्हणजे निम्मी रिकामी झाली, तर बॅटरीच गेली. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षं झालेली बॅटरी अशी निघाली तर नवल नाही, बिनधास्त बदला. मात्र टर्मिनल काढण्यापूर्वी स्टिरिओला कोड लागतो का ते बघून ठेवा. जोडताना टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर घासून काढा. नुसत्या ढिल्या टर्मिनलमुळेही गाडी सेल्फ घेत नाही.

बॅटरी निर्दोष ठरली की खरं काम सुरू होतं. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, लॉकच्या रिमोटचा रिसीव्हर थोडा करंट घेतात. 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. 35 अँपिअर-अवर साठवणाऱ्या बॅटरीतून त्या हिशोबाने दिवसाला 1.2 अँपिअर-अवर जातात, आठवडाभर काही बिघडत नाही. पण ग्लोव्हबॉक्सचा 5 वॅटचा दिवा झाकण नीट न लागल्याने जळत राहिला, तर तो एकटा साधारण 400 मिलिअँपिअर खेचतो. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त बॅटरी संपली!

हा करंट मोजायचे दोन मार्ग आहेत. पहिला, निगेटिव्ह केबल काढून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडायचा. आकडा अचूक मिळतो, पण मीटरची वायर त्याच्या 10 अँपिअरच्या खाचेत हवी आणि तो जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. शिवाय एकेक फ्यूज काढत दोषी शोधताना झोपी गेलेले कंट्रोल मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) पुन्हा जागे होतात. दुसरा मार्ग म्हणजे फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही, काही आकडा आला तर जातोय. आजच्या गाडीत मला हाच मार्ग बरा वाटतो. जुन्या, कमी इलेक्ट्रॉनिक्सच्या गाडीत पहिला सोपा पडतो. कोणताही घ्या, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. नाहीतर जागं असलेलं प्रत्येक मॉड्यूल दोषी दिसेल.

शोधाची सुरुवात मात्र बाहेरून बसवलेल्या वस्तूंपासून करा: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, स्टिरिओ, अँप्लिफायर. अॅक्सेसरीच्या दुकानात वायर कायम चालू लाइनवर जोडून दिली असेल, तर किल्ली काढल्यावरही ती वस्तू चालूच राहते. सगळे फ्यूज स्वच्छ निघाले तरी करंट जातच असेल, तर अल्टरनेटरचा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बघायला सांगा. चार्जिंग बरं दिसत असतानाही बिघडलेला डायोड रात्री बॅटरी रिकामी करू शकतो. हे काम चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे, त्याला मोजलेले आकडे दाखवलेत तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतील.

सगळंच ठीक निघालं आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर सेल्फने घेतलेलं भरून निघायला वेळच मिळत नाही. तिथे नवी बॅटरी नको, महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावा. आणि वॉरंटीसाठी दुकानात न्यायची असेल तर बॅटरी आधी पूर्ण भरून न्या. उतरलेल्या बॅटरीवर टेस्टरच्या निकालाचा भरवसा धरता येत नाही.