लाईट गेल्यावर काय: जुना जनरेटर, नवा जनरेटर की बॅटरी?

मागच्या मे महिन्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू ताटात चार बिबड्या घेऊन आमच्याकडे आल्या. गॅलरीत वाळत घातलेल्या ज्वारीच्या त्या पांढुरक्या बिबड्यांवर खसखशीएवढे काळे कण पडले होते. बोटानं पुसायला गेलो तर तेलकट रेघ उमटली. आमच्या इमारतीचा जनरेटर पार्किंगमध्ये आहे आणि त्याच्या धुराचा पाइप बरोबर काकूंच्या गॅलरीखाली संपत होता. पुढे वर्षभर मी कमिटीच्या वतीनं या विषयामागे लागलो. जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या ज्या सोसायट्या जनरेटर बदलायचा की ठेवायचा या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कोटेशन मागवायच्या आधी एक काम करा. लाईट कधी गेली, कधी आली, हे वॉचमनच्या वहीत तीन महिने लिहून ठेवा. आमच्या वहीत दोनच प्रकार सापडले. उन्हाळ्यात लोड वाढला की दहा-वीस मिनिटांसाठी जाणारी लाईट, आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ शहरात शिरलं की पाच-सहा तास जाणारी. पहिला प्रकार पुष्कळ वेळा, दुसरा क्वचित. पुढचा सगळा निर्णय यावरच ठरतो.

जुनं मशीन ठेवायचं ठरवलं, तर ते नेमकं काय करतं ते समजून घ्या. आमचं 62.5 केव्हीएचं, म्हणजे साधारण 50 किलोवॅटचं आहे. त्यावर दोन लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे एवढंच चालतं, म्हणजे बहुतेक वेळ दहा-पंधरा किलोवॅट. मशीनवर त्याच्या ताकदीच्या तीसेक टक्क्यांपेक्षा कमी लोड राहिला की इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमध्ये काळं ओलसर कीट साचतं. काकूंच्या बिबड्यांवर पडलं ते हेच. आपल्याकडे बिल्डर मोठं मशीन बसवून देतो आणि आपणही त्यातच समाधान मानतो.

आता हिशोब करा. 2014 पासूनच्या नियमानुसार या आकाराच्या मशीननं युनिटमागे 0.3 ग्रॅमपेक्षा जास्त काजळी सोडायची नाही. मशीन नियमात आहे असं धरलं आणि ते 15 किलोवॅटवर तासभर चाललं, तरी साडेचार ग्रॅम काजळी होते. चमचाभर वाटेल. पण हवेतल्या बारीक कणांची आपल्या देशातली 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. वारा पडलेला असेल तर 50 मीटर लांब, 50 मीटर रुंद आणि दहा मजले उंच एवढी हवा त्या साडेचार ग्रॅम काजळीनं एकटीनं 60 पर्यंत जाते. आपल्या बहुतेक सोसायट्यांचं आवार यापेक्षा लहान आहे. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 मध्येच नक्की केलं. जळगाव तर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, हवेच्या दर्जाचं मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. त्यात डिसेंबर-जानेवारीची पहाट. गार हवा खाली दबून बसते, धूर वर जातच नाही, आणि नेमकी तीच मुलांच्या शाळेची वेळ.

जुन्या मशीनला काजळी पकडणारं यंत्र जोडता येतं. मान्यता मिळालेलं यंत्र किमान 70 टक्के काजळी अडवतं. मात्र कमी लोडवर चालणाऱ्या मशीनचा फिल्टर लवकर भरतो, आणि नायट्रोजनचे विषारी वायू (नायट्रोजन ऑक्साइड) बाहेर जायचे ते जातातच. अजून बरीच वर्षं चालेल अशा मशीनसाठी हा खर्च योग्य आहे. पंधरा वर्षं झालेल्या मशीनवर मी तो करणार नाही.

नवा जनरेटर. 1 जुलै 2023 पासून बनणाऱ्या मशीनना नवे कडक नियम लागू झाले. तुम्ही 40 केव्हीएचं (साधारण 32 किलोवॅट) घेतलंत तर काजळीची मर्यादा दहापट खाली येते, 0.3 वरून 0.03. हे खरंच मोठं काम झालंय. पण विक्रेता सहसा सांगत नाही ते असं की 19 ते 56 किलोवॅटच्या गटात नायट्रोजनचे वायू आणि न जळलेलं इंधन यांची एकत्रित मर्यादा 4.7 ग्रॅम होती, ती तेवढीच राहिली आहे. 56 च्या वरच्या मशीनना मात्र नायट्रोजनसाठी 0.40 ची वेगळी मर्यादा आहे. त्यासाठी बहुतेक मशीन धुरात युरियाचं पाणी फवारतात. हा मुद्दा मोठी मशीन लागणाऱ्या हॉस्पिटलवाल्यांनी नीट बघावा. ती प्रक्रिया धूर दोनशे अंशांच्या वर तापल्यावरच चालू होते, म्हणजे दहा मिनिटांच्या खाड्यात तिचा उपयोग जवळजवळ शून्य. शिवाय ते युरियाचं पाणी 35 अंशांत सहाएक महिनेच टिकतं. भुसावळच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये कॅन ठेवले तर काय होईल ते सांगायला नको.

बॅटरीचं दुकानात जेवढं सोपं सांगतात तेवढं ते नाही. गच्चीवर साधं सोलर असेल तर लाईट गेल्याबरोबर तेही बंद पडतं, कारण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये. त्यामुळे लाईट नसतानाही सोलर आणि बॅटरी चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टरच लागतो. पंप सुरू होताना पाच-सहापट करंट ओढतो, म्हणून त्याला मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर लावून घ्या, नाहीतर इन्व्हर्टर पहिल्याच दिवशी ट्रिप होईल. लेड-ॲसिड बॅटरी आपल्या उन्हात घेऊ नका, 25 च्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या आणि तीही उत्तरेकडच्या, वारा खेळणाऱ्या खोलीत ठेवा. जिन्याखाली कधीच नाही. आमच्यासारख्या लोडला 20 युनिटची बॅटरी दीडेक तास जाते. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी सोलरला केंद्राच्या सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. डिझेलचं बघाल तर लिटरला 90 रुपये धरून, नीट लोडवरसुद्धा युनिट तीस रुपयांच्या आसपास पडतं.

आमच्या मिटिंगमध्ये एका दादांनी विचारलं, बॅटरी भरणार ती भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या कोळशावरच ना? बरोबर आहे. दीपनगरच्या शेजारची गावं ती राख सोसतात, हे आपण विसरू नये. म्हणून बॅटरीबरोबर सोलर हवंच. साक्रीला 2013 पासून 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प चालू आहे, म्हणजे ऊन आपल्याकडे किती आहे हा प्रश्नच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सोसायटीनं रोजच्या खाड्यांसाठी सोलर आणि बॅटरी घ्यावी, जुनं मशीन फक्त वादळासाठी ठेवावं आणि ते मेलं की अर्ध्या आकाराचं नवं आणावं. हॉस्पिटलला डिझेल सोडता येणार नाही. तिथे नवं मशीन आणि पहिल्या अर्ध्या तासासाठी बॅटरी.

एक काम मात्र या महिन्यातच करा, त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट बघायची नाही. नियमानुसार धुराचा पाइप इमारतीच्या वर, केव्हीएच्या वर्गमुळाच्या 0.2 पट मीटर जायला हवा. 62.5 केव्हीएला गच्चीच्या वर सुमारे 1.6 मीटर. आम्ही तो मागच्या भिंतीवरून वर नेला. पाइपाला बसकी टोपी बसवू नका, ती धूर परत खाली ढकलते. धुराच्या जोरानं उघडणारं झाकण मिळतं, ते लावा.