८बी/१०बी घ्यायचं की ६४बी/६६बी? आधी कंट्रोल कॅरेक्टर्स बघा

दोन बोर्डांमध्ये फायबर टाकून किंवा बॅकप्लेनवरून स्वतःची सिरियल लिंक बनवायची असली की एफपीजीएच्या (हवं ते लॉजिक भरता येणारी चिप) ट्रान्सीव्हर विझार्डमध्ये सुरुवातीलाच एन्कोडिंग, म्हणजे डेटाचे बिट लाइनवर कुठल्या रूपात पाठवायचे ते, निवडावं लागतं, आणि बरेच जण तिथे फक्त ओव्हरहेडचा आकडा बघतात. ८बी/१०बी मध्ये डेटावर २५ टक्के जादा बिट, ६४बी/६६बी मध्ये ३.१२५ टक्के, मग काय दुसरंच घेऊन टाका. मला हे पटत नाही. लिंकवर डेटा सोडून बाकी जे पाठवायचंय, म्हणजे पॅकेट कुठे सुरू झालं, कुठे संपलं, मधली रिकामी वेळ, ट्रिगर, एरर, ते सगळं कोण वाहून नेणार हे आधी ठरवा. कारण त्या बाबतीत ही दोन कोडिंग पार वेगळ्या स्वभावाची आहेत.

८बी/१०बी आलं आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाझेक यांच्याकडून, १९८३ मध्ये. ८ बिटांचा बाइट घ्यायचा आणि १० बिटांचा कोड लाइनवर सोडायचा. १० बिटांत १०२४ पॅटर्न होतात, त्यातले शून्य आणि एक यांचा तोल सांभाळणारे पॅटर्न डेटासाठी निवडले, आणि तरीही थोडे चांगले पॅटर्न उरले त्यातून १२ कंट्रोल कॅरेक्टर्स बनवली. के२८.० ते के२८.७ ही आठ, आणि के२३.७, के२७.७, के२९.७, के३०.७ ही चार. नावात के म्हणजे कंट्रोल (डी असेल तर डेटा), टिंबाआधी बाइटच्या खालच्या पाच बिटांची किंमत, टिंबानंतर वरच्या तीन बिटांची. डेटाचा कुठलाही बाइट कधीच यांच्यासारखा दिसत नाही, त्यामुळे डेटात चुकून स्टार्टचं चिन्ह आलं तर काय हा प्रश्नच उरत नाही, एस्केप करायची भानगड नाही, बाइट स्टफिंग नाही.

या बारांपैकी तीन खास आहेत, के२८.१, के२८.५ आणि के२८.७, कारण त्यांच्यात कॉमा आहे. कॉमा म्हणजे ००१११११ किंवा त्याचा उलटा ११०००००, हा सात बिटांचा तुकडा. एरर नसलेल्या प्रवाहात तो दोन शेजारच्या डेटा कॅरेक्टरांच्या सांध्यावरसुद्धा तयार होत नाही. म्हणून रिसीव्हरला बिटांच्या धबधब्यात हा तुकडा एकदा दिसला की कॅरेक्टरची सीमा कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं. के२८.७ ला मात्र इथे अपवाद धरा, त्याच्यामागून काही ठराविक कॅरेक्टर्स आली की सांध्यावर खोटा कॉमा बनतो, त्यामुळे अलाइनमेंटसाठी ते वापरू नका. राहिले के२८.१ आणि के२८.५, त्यात के२८.५ चा पॅटर्न ००१११११०१० असा, कॉमाच्या मागेही बिट उलटसुलट होत राहतात म्हणून क्लॉक रिकव्हरीला, म्हणजे येणाऱ्या बिटांवरूनच क्लॉक काढायला, जास्त एज मिळतात. के२८.५ एवढं सगळीकडे का दिसतं त्याचं हे एक कारण.

आणि दिसतं म्हणजे खरंच सगळीकडे. गिगाबिट इथरनेटच्या १०००बेस-एक्समध्ये आयडल म्हणजे के२८.५ आणि त्यामागे डी५.६ किंवा डी१६.२, यातलं कुठलं घ्यायचं ते चालू डिस्पॅरिटी, म्हणजे आतापर्यंत एक जास्त गेले की शून्य, ते बघून ठरतं. पॅकेटची सुरुवात के२७.७, शेवट के२९.७, एरर के३०.७. साटामध्ये (हार्ड डिस्कची लिंक) अलाइन प्रिमिटिव्ह, म्हणजे लिंकचा ठराविक संकेत, के२८.५ ने सुरू होतं, बाकीचे प्रिमिटिव्ह के२८.३ ने. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या दोन पिढ्यांत के२८.५ ला कॉम म्हणतात, आणि के२८.० ला स्किप. हे स्किप मला फार आवडतं. दोन बाजूंचे क्रिस्टल ३०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ३००) इकडेतिकडे असू शकतात, म्हणून साधारण ११८० ते १५३८ सिम्बॉलमागे एकदा स्किपचा सेट टाकायचा, आणि रिसीव्हरने आपला बफर भरत चाललाय की रिकामा होतोय ते बघून त्यातले स्किप काढायचे किंवा वाढवायचे, डेटाला हात न लावता.

८बी/१०बी मध्ये कंट्रोल कॅरेक्टर कुठल्याही बाइटच्या जागी येऊ शकतं. लाइन २.५ गिगाबिटवर असेल तर एक कॅरेक्टर ४ नॅनोसेकंदाचं, म्हणजे ट्रिगर आला की चालू डेटा बाजूला सारून लगेच एक के पाठवता येतं. टायमिंग, ट्रिगर, डिटेक्टरचं वाचन अशा कामात याची किंमत कळते.

६४बी/६६बी १० गिगाबिट इथरनेटबरोबर २००२ मध्ये स्टँडर्ड झालं. इथे वेगळी कॅरेक्टर्सच नाहीत. ६४ बिटांच्या पुढे दोन बिटांचं सिंक हेडर, ०१ असेल तर ब्लॉकमध्ये नुसता डेटा, १० असेल तर ब्लॉकमध्ये कंट्रोल आहे, ०० किंवा ११ आलं तर एरर. कंट्रोल ब्लॉकचा पहिला बाइट टाइप सांगतो, म्हणजे सगळं आयडल आहे, की इथून पॅकेट सुरू होतंय, की अमुक बाइटवर संपतंय. शेवटासाठी आठ वेगवेगळे टाइप आहेत कारण पॅकेट आठपैकी कुठल्याही बाइटवर संपू शकतं, पण सुरू मात्र फक्त पहिल्या किंवा पाचव्या जागेवर होतं. कंट्रोलला ही शिस्त लागते, मनात आलं की कुठेही घुसता येत नाही. १०.३१२५ गिगाबिटवर एक ब्लॉक ६.४ नॅनोसेकंदाचा, त्यामुळे तुमचा छोटासा ट्रिगरसुद्धा पुढच्या ब्लॉकची वाट बघणार.

अलाइनमेंटही झटकन नाही. कॉमासारखा हमखास तुकडा नसल्यामुळे रिसीव्हर एक जागा धरून बघतो की दर ६६ बिटांनी तिथे ०१ किंवा १० येतंय का, नाही आलं तर एक बिट सरकतो आणि परत बघतो, आणि लागोपाठ ६४ हेडर बरोबर आले की लॉक झालं मानतो. बाकीचा ६४ बिटांचा भाग स्क्रॅम्बल केलेला, म्हणजे ठराविक सूत्राने विस्कटलेला असतो, त्यामुळे शून्य-एकचा तोल राहतो तो सरासरीने, हमीने नाही. ८बी/१०बी मध्ये सलग पाचपेक्षा जास्त सारखे बिट येतच नाहीत, इथे पक्की हमी फक्त हेडरमधल्या एका बदलाची. स्क्रॅम्बलर सेल्फ-सिंक्रोनस, म्हणजे लाइनवरच्या आधीच्या बिटांवरच चालणारा असल्यामुळे लाइनवर एक बिट बिघडला तर डीस्क्रॅम्बल झाल्यावर तीन बिघडलेले दिसतात, म्हणून सीआरसी (डेटाबरोबर जाणारा, एरर पकडणारा तपासणीचा आकडा) लावलाच पाहिजे. तोल पक्का हवा असेल तर इंटरलाकेन या चिपांमधल्या लिंकच्या प्रोटोकॉलमध्ये ६४बी/६७बी आहे, तो एक जादा बिट ब्लॉक उलटा करून पाठवलाय का ते सांगतो.

दोन्हींची खरी तुलना बघायची असेल तर हायस्पीड एडीसीवाल्यांचं (एडीसी म्हणजे अॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) जेईएसडी२०४ हे स्टँडर्ड बघा, कारण तिथे एकच काम दोन्ही पद्धतींनी केलंय. २०४बी मध्ये ८बी/१०बी, वेग १२.५ गिगाबिटपर्यंत. सुरुवातीला एडीसी सलग के२८.५ पाठवत राहतो, रिसीव्हर लॉक झाला की सिंकची वेगळी पिन सोडतो, मग के२८.०, के२८.३, के२८.४ वापरून लेन, म्हणजे शेजारशेजारच्या सिरियल लाइन, जुळवायचा क्रम चालतो. आणि डेटा चालू असताना फ्रेमचा शेवट कळावा म्हणून काय केलंय, तर स्क्रॅम्बलिंग बंद असेल आणि फ्रेमचा शेवटचा बाइट मागच्या फ्रेमच्या शेवटच्या बाइटसारखाच आला तर त्याच्या जागी के२८.७ पाठवायचं. रिसीव्हर ते ओळखून मूळ बाइट परत बसवतो. बँडविड्थ एक बिटही खर्च नाही, इतकं देखणं काम मी या क्षेत्रात फार कमी बघितलंय. २०४सी मध्ये ६४बी/६६बी आलं, वेग ३२ गिगाबिटपर्यंत, सिंकची पिन गेली, आणि ३२ ब्लॉकच्या सिंक हेडरमधला एकेक बिट जमवून ३२ बिटांचा शब्द बनवला ज्यात सीआरसी-१२ सुद्धा जातो. म्हणजे कॅरेक्टर्स गेली पण चालू लिंकवर एरर तपासायची सोय मिळाली. पण २०४सी ने ८बी/१०बी चा पर्यायही ठेवलाय, हेही लक्षात घ्या.

ओव्हरहेडचं काय, तर १० गिगाबिट डेटासाठी एकाला लाइन १२.५ वर चालवावी लागते, दुसऱ्याला १०.३१२५ वर. वरच्या वेगाला हा फरक ट्रान्सीव्हरचा ग्रेड आणि बोर्डचं मटेरियल बदलायला लावतो. पीसीआय एक्सप्रेसने याच कारणासाठी तिसऱ्या पिढीत १२८बी/१३०बी घेतलं, लाइन ५ वरून १० ऐवजी ८ वरच नेली आणि तरी प्रत्यक्ष डेटा जवळपास दुप्पट झाला.

आता निवडायचं तर मी असं सांगेन. लाइन ६ गिगाबिटच्या आत बसतेय, ट्रिगर किंवा ठराविक लेटन्सी (पोचायला लागणारा वेळ) हवी, प्रोटोकॉल स्वतःचा आणि लहान, टीमही लहान, तर डोळे झाकून ८बी/१०बी. १० च्या वर, लांब पॅकेट, कंट्रोल कमी, तर ६४बी/६६बी, आणि त्यात स्वतःचं फ्रेमिंग लिहीत बसू नका, ऑरोरासारखा तयार कोअर (आधीच बनवलेला लॉजिकचा ब्लॉक) घ्या. गिअरबॉक्सची, म्हणजे बिटांची रुंदी बदलणाऱ्या भागाची, फार आधीपासून तयारी ठेवा, कारण ६६ बिट ६४ च्या रुंदीतून काढताना दर ३२ शब्दांमागे डेटा एक सायकल थांबवावा लागतो, आणि हे थांबणं मागच्या सगळ्या लॉजिकला झेपायला हवं. ६ ते १० च्या मधल्यांनी आधी बोर्डवरचा चॅनेल सिम्युलेट करून बघावा, जादा २५ टक्के झेपत असतील तर मी तरी ८बी/१०बी वरच राहीन.

८बी/१०बी घेतलंत तर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बघा. के२८.५ चा बाइट हेक्समध्ये बीसी, आणि डी२८.५ चाही तोच, फरक फक्त त्या बाइटच्या के फ्लॅगचा, म्हणजे हा बाइट कंट्रोल आहे असं ट्रान्सीव्हरला सांगणाऱ्या बिटाचा. फ्लॅग एक सायकल पुढेमागे झाला तर बीसी जातंय असं सिम्युलेशनमध्ये दिसतं आणि समोरचा रिसीव्हर मात्र कधीच लॉक होत नाही. दुसरं म्हणजे लिंक उभी राहिली की ऑटोमॅटिक कॉमा अलाइनमेंट बंद करा. लाइनवरच्या एका बिघडलेल्या बिटानेही खोटा कॉमा तयार होऊ शकतो, अलाइनमेंट चालू असेल तर रिसीव्हर त्या खोट्या जागेवर सरकतो आणि एका बिटाच्या एररमुळे पूर्ण पॅकेटं वाया जातात. सलग बऱ्याच डिस्पॅरिटी किंवा कोड एरर आल्या तरच ती परत चालू करा.